एकशे चाळीस नंबरची ओळ

ओळंब्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. उठला की कोमट पाण्याच्या तसराळ्यात दोन्ही हात बुडवून बसायचा. थंड बोटांना खिळे नीट सापडत नाहीत. बायको म्हणायची, "हात भिजवताय की शिजवताय?"

सातला तो छापखान्यात केसपुढे उभा. केस म्हणजे लहान खणांची लाकडी पेटी. एका खणात एका अक्षराचे शिशाचे खिळे. ते वेचून ओळी करायच्या, त्या गॅलीवर, म्हणजे पत्र्याच्या लांब ताटात, मांडायच्या आणि त्यांची पानं करायची. हे काम त्यानं चौतीस वर्षं उभ्यानं केलं. मी दहा पावलांवर कटिंग मशीनवर होतो. पाहिलं तेवढंच सांगतो.

ओळंबा हे नाव मीच ठेवलेलं. गवंड्याच्या दोरीसारखा माणूस, जरा कललेलं खपायचं नाही. जुळवलेली ओळ अंगठ्यानं दाबून बघायचा. हलली तर पुन्हा. इतरांपेक्षा दिवसाला पानभर कमी व्हायचं, पण त्याच्या प्रुफावर लाल शाई क्वचित लागायची. नियम एकच. कॉपीत, म्हणजे लेखकाकडून आलेल्या कागदांत, आहे तेच जुळवायचं. "डोकं लिहिणाऱ्याचं, बोटं आपली," असं म्हणायचा. कायद्याची, औषधांची, पूल बांधण्याची पुस्तकं त्यानं जुळवली. त्यातलं काय कळलं, असं मी एकदा विचारलं.

"वाचायला लागलो की चुकतो," तो म्हणाला.

तो एक्कावन्न वर्षांचा असताना मालकांनी कॉम्प्युटर आणला. कळांची एक पेटी, जुना टीव्ही आणि माहिती साठवायला कॅसेटचं यंत्र. सगळं कुणीतरी वापरून विकलेलं. सोबतचं पुस्तक हरवलेलं. मालकांनी सगळ्यांना जमवलं.

"वर्षअखेरीला खिळे मोडीत जाणार. जुळणी बाहेरून करून घेऊ. या यंत्राला एक माणूस लागेल. आपल्या दोनशे गिऱ्हाइकांची नावं वर्णक्रमानं लावून दाखवा. तीन महिने देतो. जमेल तो राहील."

जुळणीतले बाकीचे तिघे हसले आणि चहाला गेले. दोघंच उभे राहिले, ओळंबा आणि आमचा हिशेबनीस. हिशेबनीसाच्या वह्याही त्या यंत्रात जाणार होत्या. आणि ओळंब्याला त्या वयात दुसरा कुठला छापखाना दारात उभा करणार नव्हता. सगळीकडचे खिळे मोडीत निघाले होते.

रविवारी आम्ही दोघं पुस्तकाच्या दुकानात गेलो. त्या यंत्राची दोन पुस्तकं होती, दोन्ही परक्या भाषेत. ती भाषा ओळंब्याला जुळवता यायची, वाचताना अडखळायचा.

एक पुस्तक पातळ, तारेच्या टाचणीचं. त्यातले प्रोग्रॅम यंत्राच्याच प्रिंटरवरून काढून, फोटो घेऊन तसेच छापलेले. अक्षरं चाळणीतून पडल्यासारखी ठिपक्यांची, समास तिरका. दुसरं जाड पुठ्ठ्याचं. त्यात प्रोग्रॅमसुद्धा खिळ्यांनी जुळवलेले, ओळी काटेकोर. ओळंब्यानं पानं उजेडात तिरकी धरून पाहिली. शब्दांमधली जागा नखानं मापली. वाचलं एकही पान नाही.

दुकानदार म्हणाला, "अहो, दोन ओळी वाचून तरी बघा."

"वाचायला घरी दिवा आहे," ओळंबा म्हणाला. मग मला म्हणाला, "हे पातळ बघ. यंत्रानं ओकलं आणि यांनी छापलं. माणसाचा हात लागलेला नाही. या दुसऱ्यावर कुणीतरी कष्ट घेतलेत."

मी शिवण आणि कापणी पाहिली. उत्तम होती. मीही मान डोलावली. तेव्हा निवड दोघांची. पुस्तक महाग होतं. घरी आठवडाभर भाजीला फोडणी नव्हती, असं वहिनी नंतर मला ऐकवत.

यंत्र दुपारच्या सुट्टीत मिळायचं, एक दिवस याला, एक दिवस त्याला. ओळंबा दोन बोटांनी कळा दाबायचा, प्रत्येक ओळ झाली की पुस्तकाशी ताडून बघायचा. दोन महिने पहिल्या धड्यांत गेले. मग नावं लावण्याचा प्रोग्रॅम आला, अठ्ठ्याऐंशीव्या पानावर. प्रत्येक ओळीला नंबर, दहादहानं वाढणारा. एका सुट्टीत पाच-सहा ओळी व्हायच्या. त्या कॅसेटवर ठेवायच्या, पुढचं परवा.

सगळा प्रोग्रॅम भरून झाला तेव्हा वीस नावं घालून त्यानं तो चालवला. नावं हलली. मग गळू लागली. एकेका नावाच्या जागी कोरी ओळ. शेवटी तळाशी तीन नावं उरली. यंत्रानं चूक झाली असंही सांगितलं नाही.

त्यानं तीनदा ताडून पाहिलं. मग मला बोलावलं. छापखान्याची जुनी रीत, एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं बघायचं. मी पुस्तकातून नंबर आणि अक्षरं वाचू लागलो.

"एकशे वीस. एकशे तीस. एकशे पन्नास."

"थांब. मागे जा."

"एकशे तीस. एकशे पन्नास."

"एकशे चाळीस?"

"नाही."

त्यानं पुस्तक ओढून घेतलं. दोन ओळींच्या मध्ये अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"ओळ उडाली," तो म्हणाला. "दोन्ही ओळी सारख्या दिसत असणार. जुळवणाऱ्याची नजर घसरली. माझीही घसरली असती."

"मग भर की."

"ओळ उडाली हे कळतं रे. ओळीत काय होतं ते कुठं कळतंय?"

अकरा दिवस उरले होते. प्रकाशकाला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. मी त्याला दुकानात घेऊन गेलो. पातळ पुस्तकाची एकच प्रत होती, ती हिशेबनीसानं कधीच नेली होती. ओळंबा त्याच्याकडे गेला. त्याच्या टेबलापाशी तो पहिल्यांदाच उभा होता.

"एक दुपार देतोस का?"

"चाचणी झाली की कायमचं ने," हिशेबनीस म्हणाला. "आधी नाही. रागावू नकोस. मलाही पोट आहे."

ओळंबा रागावला नाही. त्याच्या जागी त्यानंही दिलं नसतं, असं मला म्हणाला.

चाचणीच्या दिवशी ओळंब्यानं दोनशे नावं घातली. एकशे चाळीसवर त्यानं अंदाजानं काहीतरी भरलं होतं. पडदा भराभर कोरा होत गेला. तळाशी सहा नावं राहिली.

"बाकीची गिऱ्हाइकं पळवलीस कुठं?" मालक म्हणाले. मागे कुणीतरी हसलं.

हिशेबनीसाच्या प्रोग्रॅमला चार मिनिटं लागली. दोनशेच्या दोनशे नावं क्रमानं उतरली.

"जमवलंस कसं?" मालकांनी विचारलं.

"कळलं काही नाही, मालक. पुस्तकात दिसलं तसं ठोकलं."

ओळंब्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कापायचा गठ्ठा उचलून मशीनकडे गेलो.

वर्षअखेरीला खिळे पोत्यांत भरून मोडीत गेले. ओळंबा पोती उचलायला थांबला. न सांगता थांबला. हिशेबनीसानं ठरल्याप्रमाणे पातळ पुस्तक पुढे केलं. ओळंबा म्हणाला, "राहू दे, तुला लागेल." शेवटचा पगार घेऊन तो दुकानात गेला, तेच पुस्तक मागवून घेतलं.

वहिनी म्हणाल्या, "भांडं गेलं, आता झाकण घेऊन आलात."

त्याला एका गोदामात पोती मोजण्याचं काम मिळालं, तेही रोजचं नाही. यंत्र नव्हतंच. तो पहाटे साडेचारला उठून ते पातळ पुस्तक वाचायचा. जुळवायला नाही, वाचायचा. त्यातला नावं लावण्याचा प्रोग्रॅम वेगळ्या रीतीनं लिहिलेला होता, जाड पुस्तकातली उडालेली ओळ त्यात आयती सापडत नव्हती. आठ महिन्यांनी एका सकाळी माझ्याकडे आला, बसला नाही.

"गॅलीवर दोन ओळी उलटसुलट पडल्या तर मी काय करायचो?"

"मला काय विचारतोस? एक उचलून बाजूला ठेवायचास. दुसरी तिच्या जागी सरकवायचास. मग बाजूची परत."

"तीच ती. एकशे चाळीस. नावांची अदलाबदल करायची तर एक आधी बाजूला काढून ठेवावं लागतं. नाहीतर दुसरं त्याच्यावर बसतं आणि पहिलं जातं." तो हातांकडे बघत होता. "दिवसातून दहादा करायचो मी हे."

त्यानं जाड पुस्तक उघडलं. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, दोन ओळींच्या मध्ये, प्रुफावर करतात तशी खूण होती आणि समासात शाईनं लिहिलेली ओळ.

"बरोबर आहे का?" मी विचारलं.

"यंत्रावर घातल्याशिवाय कसं सांगू?"

मालकांनी तोवर दुसऱ्या जातीचं यंत्र आणलं होतं. त्याला यातलं एकही पुस्तक लागू नव्हतं. त्या यंत्राबरोबर त्याचा माणूसही आला आणि हिशेबनीस घरी बसला. जुनं यंत्र कुणी नेलं, ते कुणाला ठाऊक नाही.

चौतीस वर्षं उभं राहून मिळवलेल्या शेवटच्या पगारात ओळंब्यानं ते ठिपक्यांचं पुस्तक घेतलं, आणि शाईची एक दौत. दौत एका ओळीपुरती वापरली.