भाऊजी जे बोलले होते

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्न असो, तेरवी असो, जेवणं आटोपली की कोणीतरी म्हणतं, सांगा एखादी — आणि मी सुरू होतो. बहुतेक गोष्टींत फजिती माझीच असते, म्हणून लोक आवडीनं ऐकतात. ही एक मात्र कोणाच्या कानावर गेलेली नाही. बायकोच्याही नाही. दोनदा सुरुवात केली होती. दोन्ही वेळा मध्येच आमच्या म्हशीनं सरपंचाचा सदरा चावला होता, त्या गोष्टीकडे वळलो. लोक पोट धरून हसले. तुमच्यापुढे म्हैस आणायची नाही असं ठरवून बसलोय. पाहू.

चिखलीत एसटी स्टँडाजवळ माझं दुकान आहे. आधी मी पेंटर होतो. भिंतींवर बियाण्याच्या, खताच्या जाहिराती रंगवायचो. माझं कापसाचं बोंड पत्ताकोबीसारखं दिसतं, असं बायकोचं मत. मग फ्लेक्स आले — वाढदिवसाच्या शुभेच्छा, गॉगल लावलेले भावी सदस्य. मग फ्लेक्सही मागे पडले आणि सगळं फोनवर गेलं. तेव्हा मी ‘डिजिटल मार्केटिंग’ अशी पाटी लावली. पाटी अर्थात फ्लेक्सचीच होती.

पन्नाशीला आलेला माणूस ते शिकला आणि — खरं सांगू? — थक्क झाला. मी रंगवलेली भिंत जागची हलायची नाही. त्या रस्त्यानं जाणाऱ्यालाच ती दिसायची. इथं भिंतच माणसाच्या शोधात निघते. कोण कापूस पेरतो, कोणी काल फवारणीचा व्हिडिओ पाहिला, कोण कुठल्या तालुक्यात बसून पाहतोय — सगळं त्या यंत्राला ठाऊक. तुम्ही फक्त बोट लावायचं, आणि नांदुऱ्यापासून मोताळ्यापर्यंत नेमक्या कापूसवाल्यांच्या खिशात तुमचा माणूस बोलायला लागतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी दुकानात एकटाच हात जोडून उभा राहिलो होतो. हसू नका. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

आता भाऊजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडनेर भोलजीच्या पलीकडे त्यांचं गाव. बीटी कापूस आला, आणि दरवर्षी दुकानात नव्या नावाची पाकिटं यायला लागली. कोणतं खरं, कोणतं खोटं, कोणाला कळणार? गावानं त्याचा साधा उपाय काढला होता — भाऊजींना विचारायचं. कारण भाऊजी झाडाची बोंडं मोजायचे. कसे? धुऱ्यावरचं, म्हणजे बांधाकडेचं, झाड कधीच नाही. धुऱ्याला उजेड जास्त, हवा जास्त, तिथलं झाड नेहमीच लदबदलेलं. प्रत्येक कंपनीचा फोटो धुऱ्यावरचा. भाऊजी रानाच्या ऐन मध्यात जायचे, डोळे मिटून चार पावलं टाकायचे, आणि हात लागेल ते झाड मोजायचे. दहा बोंडं झाली की खिशात ज्वारीचा एक दाणा. अशी वीस झाडं. मग ओसरीवर बसून सांगायचे — हे लाव, ते लावू नको, हे तुझ्या रानात चालणार नाही. पाच पाच कोसांवरून लोक यायचे. त्यांचा शब्द म्हणजे शब्द. हसून कधी सांगायचे नाहीत, चढवून कधी सांगायचे नाहीत.

तर एका बियाण्याच्या कंपनीच्या मॅडम माझ्या दुकानात आल्या. म्हणाल्या, आता नटनट्यांवर कोणाचा विश्वास नाही. शेजारच्या गावातला खरा माणूस पाहिजे. पाठ केलेलं बोलणं नको, रान पाहिजे, घाम पाहिजे. असा कोणी आहे का?

आहे ना, मी म्हटलं. माझ्या घरातच आहे.

भाऊजी लवकर तयार झाले नाहीत. “मले नाटक येत नाही बाप्पा,” म्हणाले. ताईनं भर घातली, “येत नाही म्हनून तं सारं गाव इचारते तुमाले.” शेवटी एका अटीवर तयार झाले: धुऱ्यावर उभा राहणार नाही. कंपनीचं ते बियाणं त्यांनी लावलेलंच होतं. मी फोन घेऊन त्यांच्यामागं रानाच्या मध्यात गेलो. त्यांनी डोळे मिटून झाड धरलं, मोजलं, आणि फोनकडे पाहून बोलले. काय बोलले ते मी तुम्हाला अक्षर न अक्षर सांगू शकतो —

“झाड चांगलं हाय. बोंड मोठं हाय, येचाले सोपं हाय. पन हे रान ओलिताचं हाय. म्या तीनदा पानी देल्लं. हे उशिरा येनारं बियानं हाय. ज्याचं कोरडवाहू हाय त्यानं हे लावजा नोका. दिवाळीनंतर त्याच्यावर अळी बसते, हातात काहीच येत नाही.”

एवढंच. ना मान वर, ना आवाज वर.

तो व्हिडिओ मॅडमना पाठवला. त्यांचं उत्तर आलं — सुंदर, पण लांब झाला, थोडा आवरा. कुठं आवरायचा हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मोजायचा भाग कापता आला असता. डोळे मिटून चालायचा कापता आला असता. पण तो किती सुरेख दिसत होता... मी ‘पन’च्या अलीकडे कापलं. बोट लावलं. झालं.

तुम्ही म्हणाल, हीच ती चूक. आहे, चूक आहे — पण मी जी सांगायला बसलोय ती ही नाही. ही चूक मी अजून मित्रांसमोर धंद्याची भूल म्हणून खपवली असती.

पुढच्या पेरणीआधी ती जाहिरात सोडली. काय चालली म्हणून सांगू. भाऊजी एका दिवसात इतक्या घरांत गेले की तेवढी घरं त्यांनी जन्मात पाहिली नसतील. जळगाव जामोदच्या एका हॉटेलात मी चहा पीत होतो आणि शेजारच्या टेबलावरून भाऊजींचा आवाज आला — “झाड चांगलं हाय.” अंगावर काटा आला. अभिमानानंच आला, खोटं कशाला बोलू. एक गोष्ट मात्र डोक्यात आली नाही. पूर्वी लोक विचारायला ओसरीवर यायचे, तेव्हा भाऊजी आधी विचारायचे — तुझं रान कोणतं? आता येण्याची गरजच उरली नव्हती. भाऊजी स्वतःच सांगून गेले होते.

त्या साली दिवाळीनंतर बोंडात गुलाबी अळी निघाली. ओलितवाल्यांनी थोडंफार वाचवलं. कोरडवाहूत बोंड फोडलं की आत किडका कापूस आणि वळवळ.

भाऊजींच्या मुलीचे सासरे, म्हणजे त्यांचे व्याही, त्यांचं सगळं रान कोरडवाहू. त्यांनी सगळ्या रानात तेच बियाणं लावलं होतं. एका सकाळी ते आले. मी योगायोगानं ताईकडेच होतो, पोह्यांची बशी हातात होती. व्याही मोठ्यानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

“इवाई, तुमच्या शब्दावर लावलं,” एवढंच म्हणाले.

भाऊजी चकित झाले. “माह्या शब्दावर? अन् कोरडवाहूत? म्या तं कोरडवाहूले लावजा नोका म्हनून सांगतलं व्हतं.”

व्याह्यांनी खिशातून फोन काढला, जाहिरात लावली आणि फोन भाऊजींच्या हातात दिला. भाऊजींकडे बटणांचा फोन. जाहिरात लागलीय एवढंच त्यांनी लोकांकडून ऐकलेलं. आता त्यांनी पाहिली. झाड चांगलं हाय, बोंड मोठं हाय, येचाले सोपं हाय. संपली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा संपली. तिसऱ्यांदा त्यांनी फोन कानाला लावून ऐकली, जसं काही उरलेलं बोलणं आत कुठं तरी अडकलं असेल.

मग माझ्याकडे पाहिलं. “तू व्हता ना तिथं. म्या म्हटलं व्हतं का नाही?”

ओसरीवर ताई होती. व्याही होते. माझ्या खिशातल्या फोनमध्ये पूर्ण व्हिडिओ होता — पुसलेला नव्हता, आजही नाही. एक बोट लावायचं होतं. दिवसभर बोटं लावण्यावर पोट भरणारा माणूस मी.

“नाही भाऊजी,” मी म्हटलं. “तुमी तेवढंच बोलले व्हते. बाकीचं मनात राह्यलं असंन.”

हे. हे मी केलं.

का? धंदा जाईल म्हणून? व्याह्यांपुढे लाज वाटली म्हणून? ताईची नजर? मी पुष्कळ शोधलं. जे सापडतं ते सगळं लहान आहे.

आणि भाऊजींनी काय केलं — ते आठवलं की मला त्या यंत्राचं कौतुक वाटेनासं होतं, एवढी मोठी गोष्ट होती ती. त्यांनी वाद घातला नाही. माझ्यावर संशय घेतला नाही. माझ्या शब्दाला शब्द मानलं, जसं लोक त्यांच्या शब्दाला मानत. टोपी घातली आणि व्याह्यांना म्हणाले, “चला. माही चूक हाय.” व्याह्यांच्या गावी गेले, मारुतीच्या पारावर उभे राहिले आणि तिथल्या लोकांना म्हणाले, “अर्धं बोललो, अर्धं इसरलो. मले माफ करजा.” मीच त्यांना मोटारसायकलवर नेलं होतं. मी पाराच्या खाली उभा होतो. एक म्हातारा एवढंच म्हणाला, “असं येऊन सांगनारा पह्यला पाह्यला.” मीही पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यानंतर भाऊजींनी सांगणं सोडलं. कोणी आलं की म्हणतात, “मले नोका इचारू. मी काय बोलतो ते माह्याच ध्यानात राहत नाही.” घरातली सून सांगते ती तारीख खरी का, आपण जेवलो का, बैलाला पाणी दाखवलं का — सगळं ताईला विचारून घेतात. त्यांना सगळं बरोबर आठवत असतं. पण विचारतात.

गेल्या साली ताईनं त्यांना बुलढाण्याला डॉक्टरकडे न्यायला लावलं. गाडी मी काढली. डॉक्टरांनी वार विचारला, नातवंडांची नावं विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. भाऊजींनी सगळं सांगितलं, न अडखळता. डॉक्टर गोंधळले. म्हणाले, ठीक दिसताहेत. हा विसर पडतो असं कधीपासून वाटतं?

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. “याले माईत हाय. हा व्हता तिथं.”

मी डॉक्टरांना साल सांगितलं.

त्यांनी एक गोळी लिहून दिली, सकाळी नाश्त्यानंतर. भाऊजी ती न चुकता घेतात. त्यांच्याकडे नांदुऱ्यात मिळत नाही, म्हणून दर महिन्याला चिखलीहून मीच नेऊन देतो.