घरून घंटी

गालाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी शाळेत शिपाई होतो. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं गाल खाल्ला, असं डॉक्टर म्हणाला, आणि खोटं नव्हतं. नागपूरला कापलं, मग सुया दिल्या, मग घरी पाठवताना डॉक्टर म्हणाला, "आता अंगात ताकद नाही. माणसांत जायचं नाही. साधा सर्दीवाला भेटला तरी तुम्हाला भारी पडेल." त्याच साली कोरोना आला. म्हणजे सगळी दुनिया घरात बसली, पण मी सगळ्यांच्या आधीपासून बसलो होतो.

आमचं गाव आंधळगावकडच्या अंगाला. शाळा खाजगी संस्थेची. माझ्या सांदवाडीला, म्हणजे घरामागच्या वाडीला लागून शाळेची भिंत, आणि शाळेच्या मागे संस्थेच्या सचिवाच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. मी स्वतः चौथी शिकलो. पण इतकी वर्षं त्या शाळेची घंटी माझ्या हातानं वाजली. पावसात गुडघाभर पाण्यातून गेलो, पण खाडा केला नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. सांगतो म्हणजे खरं आहे.

शाळा बंद झाली आणि मास्तर लोक मोबाइलवर शिकवायला लागले. एक मास्तर परसात खाटेवर बसून गणित शिकवायचा, मागे त्याची म्हैस दिसायची, असं पोरं सांगत. पण तो हजर. सगळे मास्तर हजर, घरून काम म्हणून. माझी आजारी रजा ऑपरेशनातच संपली होती. मग शाळेच्या कचेरीतल्या बाबूनं माझ्या नावापुढं बिनपगारी रजा लिहिली.

मी हेडसरांना फोन केला.

"सर, मास्तर घरी आहेत, मी बी घरी आहो. ते हजर, मी रजेवर, हे कसं?"

"मामा, ते घरून काम करून राहिले."

"मले बी द्या घरून काम."

"तुम्हाले कोणतं देऊ? घरून घंटी वाजवता काय?" आणि ते हसले. फोनच्या तिकडं आणखी कोणीतरी हसलं, म्हणजे आवाज मोठा करून ठेवला होता.

"वाजवतो ना जी."

"वाजवा मंग."

आता हसत बोलले का रागानं बोलले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. शिपायाला हेडसर तोंडानं सांगतात आणि शिपाई करतो. पाणी आण म्हटलं तर मी कधी कागद मागितला नव्हता. मी सांदवाडीतल्या चिंचेला ट्रॅक्टरच्या औजाराची झिजलेली लोखंडी थाळी टांगली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या वेळेवर घंटी सुरू केली. भरायची, तासाची, मधल्या सुट्टीची, सुटायची. घरची म्हणाली, "अवो, लोक हासून राहिले."

"हासू दे. मी ड्युटीवर आहो."

रोवण्याचे, भातलावणीचे दिवस होते. सचिवाच्या बांध्यांत आमच्याच गावच्या बाया पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं लावत होत्या, रोजीनं. आमच्याकडे शाळेची मधली सुट्टी झाली की रोवणाऱ्या बाया चिखलातून निघून शिदोरी सोडतात. ही रीत कोणी लावली नाही, आपोआप लागली. त्या साली घंटी बंद होती, म्हणून सचिवाचा माणूस आपला मोबाइल पाहून वेळ सांगायचा, आणि त्याच्या मोबाइलमध्ये दुपार काही लवकर होत नव्हती. माझी थाळी वाजली आणि बाया चिखल सोडून सरळ धुऱ्यावर, बांधावर. एक बाई कुंपणापलीकडून ओरडली, "मामाजी, देवावानी वाजली बापा तुमची घंटी! कंबर तुटत आली होती."

इतकं बरं मला पगारानंही वाटलं नसतं. खरं तेच सांगतो.

सहाव्या-सातव्या दिवशी सचिव मोटारसायकलवर आला. कुंपणाबाहेरच थांबला, तोंडाला रुमाल.

"काय जी मामा, शाळा बंद, पोरं घरी, तुम्ही कोणाची घंटी वाजवून राहिले?"

"शाळेची."

"शाळा कोठं आहे?"

"मास्तर बसले तिथं."

"माझ्या बाया काम सोडून निंघून राहिल्या."

"त्या भुकेनं निंघतेत, भाऊ. मी त्याहिले हाका नाही मारल्या."

"तुम्ही रजेवर आहा. रजेवरच्या माणसानं घंटी वाजवायची नसते."

"मंग रजेवरचा माणूस आपल्या सांदवाडीत थाळी वाजवो का ढोल, संस्थेले काय त्याचं?"

त्यानं गाडीला लाथ मारली आणि गेला. आठवडा झाला नाही तर शाळेचा कागद आला. रजेवर असताना परवानगीशिवाय शाळेचं काम केलं, खुलासा द्या. मी तो कागद घरचीला वाचून दाखवला. शाळेचं काम केलं, हे त्यांनीच लिहून दिलं होतं! मी माझ्या अक्षरात खुलासा लिहिला. काम केलं म्हणता तर हजर लिहा. रजा म्हणता तर काम केलं म्हणू नका. दोन्हीतलं एक घ्या. शुद्धलेखन चुकलं असेल. हिशोब चुकला नव्हता.

मग हेडसर स्वतः आले. ते माणूस वाईट नव्हते, फक्त सचिवाला भीत. कुंपणाबाहेरून म्हणाले, "मामा, तोड काढली. तुम्ही चूक झाली म्हणून लिहून द्या, घंटी बंद करा. मी पहिल्या दिवसापासून तुमचं घरून काम लावतो. सचिव हो म्हणाले."

घरची दारात उभी होती. तिनं मान हलवली, लिहून द्या म्हणून. घरात तेल उधारीवर येत होतं, हे हेडसरांना माहीत नव्हतं, तिला होतं.

मी म्हटलं, "सर, हजरी कोणत्या कामाची लावान?"

"लावतो ना कशाची तरी."

"मी घंटीच वाजवली. ती चूक म्हणून लिहून देतो, मंग हजर कायचा? चूक केल्याचा?"

"मामा, वाद कायले घालता? सही करा, मोकळे व्हा."

मी सही केली नाही. हेडसर पायवाटेनं परत गेले. घरची माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मी तिसऱ्या दिवशीही मधल्या सुट्टीची वाजवली.

मग सचिवानं उरलेला रोवणा मोहाडीकडच्या एका टोळीला हुंड्यावर, म्हणजे ठोक रकमेवर देऊन टाकला. हुंड्यावरच्या बायांना घंटी लागत नाही, जितकं लवकर उरकेल तितकं त्यांचं. आमच्या गावच्या बाया घरी बसल्या. तीच बाई, जी देवावानी म्हणाली होती, कुंपणाशी आली. तोंडाला पदर लावून म्हणाली, "तुमची घंटी तुमच्यापाशीच ठेवा, मामाजी. तुमच्या जिद्दीपायी आमची रोजी गेली."

मी म्हणालो, "रोजी सचिवानं नेली."

"त्याच्या दारात जाऊन भांडाले आमाले होत नाही, म्हून तुमाले बोलून राहिलो."

मी त्या दिवसापासून थाळी वाजवली नाही. सचिवाला वाटलं मी नमलो. हेडसरांनी पुन्हा निरोप धाडला, आता बंद केलीच आहे तर दोन ओळी लिहून द्या. मी म्हटलं, बंद मी बाईच्या शब्दावर केली, तुमच्या नाही. लिहून काही देणार नाही.

शाळा उघडायच्या आधीच माझं वय भरलं, आणि तोवर माझ्या नावापुढं बिनपगारी रजाच राहिली. घरची अजून म्हणते, "दोन ओळींनी काय बिघडलं असतं?" तिला कळतं, तरी ती विचारते, आणि तेलाची बाटली माझ्यासमोर जरा आपटूनच ठेवते.