पेशींच्या एका थराची भिंत राखणारे डॉक्टर येसाजी

डॉक्टर येसाजींची आणि माझी पहिली भेट मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या प्रयोगशाळेत झाली. मी नवा मदतनीस. नाव-गाव विचारण्याआधीच त्यांनी मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. "आधी बघा, मग बोला," ही त्यांची रीतच. आज ते साठीत पदार्पण करत आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकलो हे सांगताना माझी छाती फुगते.

आतड्याचं अस्तर हा त्यांच्या ध्यासाचा विषय. अन्न आत घ्यायचं आणि जंतूंना अडवायचं, ही दोन्ही कामं पेशींचा एकच थर करतो आणि चार-पाच दिवसांत स्वतःला नवा करतो, हे ते घरचं मूल वर्गात पहिलं आल्यासारखं कौतुकानं सांगतात.

एका वादळानंतर पाणी गढूळलं आणि माझ्या दहा महिन्यांच्या लेकीला, सुनंदाला, जुलाब लागले. एरंडेल पाजून पोट धुऊन काढायची, 'पिर्ज' द्यायची, आमच्याकडची जुनी चाल. माझ्या आईनं सुनंदाला एरंडेल पाजलं, वर अंगावरचं दूधही तोडलं. आणि मी, याच प्रयोगशाळेतला शहाणा, आईपुढे गप्प बसलो. पोरीचे डोळे खोल गेले तेव्हा रडतच डॉक्टरांना फोन केला.

सूक्ष्मदर्शकाची पेटी मांडीवर घेऊन डॉक्टर बसनं आमच्या गावी, सें पिएरला आले. आल्याआल्या मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजू लागले. दुधाचं नाव काढताच मात्र आई आडवी आली.

"डोक्तेर, पोट खाली नको करायला? आमी तर हरसाल देताव!"

डॉक्टरांनी वाद घातला नाही. अंगणातल्या उजेडात सूक्ष्मदर्शक मांडून, त्यात आतड्याच्या अस्तराची काचपट्टी लावून त्यांनी आईला समोर बसवलं.

"काकी, बगा. भिंत एवढीच हाय. जंतू ती पाडतायत, वरनं तुमी एरंडेल ओतलात. तिचे राखणदार आयच्या दुधातनं येतात. तेच बंद केलात."

आई बराच वेळ काचेला डोळा लावून होती.

"आयो, येवढीच?" ती म्हणाली आणि माझ्या बायकोकडे वळली. "घे गो पोरीला पदराखाली."

तिसऱ्या दिवशी सुनंदा हसली. तेव्हापासून आई बो बासें गावच्या देवळातल्या बायकांना पिर्जविरुद्ध अशी सुनावते, की डॉक्टरही हात टेकतात!

माझ्या गप्प बसण्याबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. आज मीच कबूल करतो.

सुनंदा आता शाळेत जाते. देवानं डॉक्टरांना भरपूर आयुष्य आणि धडधाकट शरीर द्यावं. तिच्या लग्नात पहिली अक्षता त्यांच्याच हातची पडायची आहे.