युसूफभाईंनी खोडलेल्या पलट्या

मंगळवारी सकाळी सात वाजता युसूफभाई वारले. साडेसातला त्यांच्या मुलीचा फोन आला. त्या दिवशी मी ग्रंथालय उघडलं नाही.

युसूफभाई मुळा धरणाच्या फुगवट्यावर, भिंतीमागे साठलेल्या पाण्यात, कयाक शिकवत. कयाक म्हणजे एकट्याने चालवायची अरुंद होडी. ती उलटली तर आतल्या माणसाने बसल्या जागेवरूनच, वल्ह्याच्या आणि कंबरेच्या जोरावर पुन्हा वर यायचं असतं. याला ते पलटी म्हणत. त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. संध्याकाळी स्वतः बांधलेली दोरीची गाठ ते सकाळी सोडून पुन्हा बांधत. मला हसू आलं, तर म्हणाले, "बांधली मीच, ताई. पन त्यानंतर तिच्यापाशी कोन बसलं हुतं?"

मी पुस्तकांत वाढलेली बाई. पहिल्याच दिवशी सात प्रकारच्या पलट्या वहीत उतरवून नेल्या आणि यातल्या कोणत्या शिकू, असं विचारलं. त्यांनी वही लांब धरून वाचली, खिशातलं पेन काढलं आणि सहा खोडल्या.

"ही एक. आधी उजवीकडनं, मग डावीकडनं."

"आणि बाकीच्या?"

"त्या व्हिडिओतल्या पान्यासाठी हायत."

उरलेली पलटी मला सगळ्यांत अवघड वाटली. होडीच्या पुढच्या अंगाला कपाळ टेकवून, अंगाची जुडी करून वर यायचं. खोडलेल्यांत एक सोपी होती. तिच्यात पाठीवर रेलून अलगद वर येता येई. दोन महिने झाले तरी मला त्यांची पलटी जमेना, आणि ती जमेपर्यंत ते मला खोल पाण्यात जाऊ देईनात. मग माझ्या मनात आलं, या माणसाला एवढी एकच येत असावी. बाकीच्या येत नाहीत, म्हणून खोडल्या.

एका शुक्रवारी ते नमाजाला गेल्यावर मी काठाजवळच ती सोपी पलटी करून पाहिली. पहिल्यांदा सहज वर आले. दुसऱ्यांदा रेलले आणि हेल्मेटचा पट्टा खाली कशात तरी अडकला. डोकं हलेना. होडी सरळ झाली ती युसूफभाईंच्या हातांनी. ते छातीभर पाण्यात उभे, अंगावर नमाजाचे कपडे तसेच.

"लई व्हिडिओ बघितले का?" एवढंच म्हणाले.

उन्हाळ्यात पाणी मागे सरलं, तेव्हा ते मला तिथे चालत घेऊन गेले. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात इथले लोक पीक घेतात, कुंपण घालतात. पाणी चढलं की कुंपण तसंच बुडून राहतं. मी उलटले होते तिथे खांब उभे होते आणि त्यांना काटेरी तार होती. "कुनाचं कुंपन कुठवर हाय, ते वावरवाल्यालाबी आठवत न्हाई," ते म्हणाले. पाठीवर रेललं की उलट्या होडीखाली तोंड आणि गळा तळाकडे उघडे राहतात, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

मग त्यांनी होडी खोल पाण्यात नेली आणि खोडलेल्या सहाही पलट्या एकामागून एक केल्या. काठाला येऊन सदरा पिळत म्हणाले, "फिटला का संशय?"

मी मान खाली घातली.

"आवो, मलाबी तुमचा हुता. त्या शुक्करवारी निम्म्या वाटेतनं मागं फिरलो, ते उगं न्हाई."

शेवटच्या आजारात मी दवाखान्यात भेटायला गेले. सलाईनच्या बाटलीकडे ते डोळे बारीक करून बघत होते. मला पाहून म्हणाले, "उजवीकडनं येता, ते बघितलंय मी. डावीकडनं?"

"जमलं," मी म्हणाले.

"कुनी बघितलं?"

ते हसले आणि कुशीवर वळले.

मी अजून दर रविवारी धरणावर जाते. उजवीकडून वर येते. डावीकडून अजूनही जमत नाही.