कशेडीतली पिवळ्या लुगड्याची बाई

"मग, घाबरलात की नाही?" गोष्ट संपली की तो म्हातारा समोरच्याच्या तोंडाकडे नाही, चष्म्यावरून कपाकडे बघायचा. चहा हिंदकळला असेल तर खूश.

पोलादपूरला हायवेवर माझी खानावळ. हा जवळच्या कापडे गावचा. तरुणपणी मुंबईला गेला आणि भुतांच्या सिनेमांच्या गोष्टी लिहून पोट भरलं. म्हातारपणी गावी परतला. रोज सकाळी एसटीनं उतरून माझ्याकडे चहाला यायचा. तुम्ही म्हणाल, एवढा सिनेमावाला, मग त्याला कुणी ओळखत कसं नव्हतं? पडद्यावर नाव दुसऱ्याचं लागायचं. त्या सिनेमांच्या रिळांच्या पेट्याही काही जळाल्या, काही सडल्या. दाखवायला त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं.

एक सोडून. कशेडी घाटातली बाई. धुकं उतरलं की वळणावर उभी राहते, गाडीला हात करते, पुढं जाऊन मागे बघाल तर नसते. ट्रकवाले तिच्यासाठी तिथं हिरव्या बांगड्या ठेवत. म्हातारा म्हणायचा, "ती माझी आहे. परळच्या खोलीत बसून लिहिलीय मी तिला."

"आजोबा, गप बसा," ड्रायव्हर म्हणत. "आमच्या बापाला दिसलेली हाय ती."

मग माझ्याकडे वळायचा. "वहिनी, तुम्ही पाहिलाय ना सिनेमा? सांगा यांना."

पाहिला होता. लग्नाआधी, महाडला तंबूत. बाई पडद्यावर आली तशी माझी मैत्रीण माझ्या मांडीत तोंड खुपसून बसली, ती खेळ सुटेपर्यंत. मी ड्रायव्हरांना सांगितलं, खरं आहे, यानंच लिहिलंय. तर महाडचा इस्माईल ट्रकवाला भाकरी मोडत म्हणाला, "मग मावशी, सिनेमा तिच्यावरनंच काढला असेल."

सगळे हसले. म्हातारा हसला नाही. सगळ्या जन्माचं हे एवढंच उरलेलं, तेही हातातून चाललं होतं.

तो हट्टाला पेटला. "बरं, नेसते काय ती?"

"लुगडं," इस्माईल म्हणाला.

"रंग सांग."

"पिवळा. हळदीसारखा. गेल्या पावसात मीच बघितलंय."

ट्रक निघून गेले, मी भांडी आवरली, तरी म्हातारा बसून. मग हळू म्हणाला, "वहिनी, सिनेमा काळा-पांढरा होता. पिवळं लुगडं मी नुसतं कागदावर लिहिलं होतं. सिनेमाचा मालक हसला, म्हणाला, रंग दिसणार कुणाला?"

"पिवळी लुगडी काय कमी हायत गावात?" मी म्हटलं.

"तेही खरं."

पण त्या दिवसापासून 'ती माझी' हे बोलणं बंद. कुणी घाटातली गोष्ट काढली की नवख्यासारखा ऐकत बसायचा. उठता उठता ड्रायव्हरला विचारायचा, "बरी आहे ना ती?" कुणी हसायचं. इस्माईल मात्र सरळ सांगायचा, "बरी हाय."

एका श्रावणात म्हातारा गेला.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण हल्ली ट्रकवाले सांगतात, बाई एकटी नसते. धुक्यात थोडा बाजूला एक चष्मेवाला म्हातारा असतो.

"करतो काय?" मी विचारलं.

"काय नाय मावशी. तिला सांगतो, जरा पुढं सर, उजेडात ये."