मालिक, दोन, तीन

संशय घ्यायला मला कारण लागत नाही. माझी बायको सुकेशनी म्हणते, "लोक दुधानं पोळल्यावर ताक फुंकतात, तुमी न पोळताच फुंकता."

मी इंझोरीचा राजपाल. पंजाबरावांचं शेत बटईनं करतो. निम्मं पीक त्यांचं, निम्मं माझं. गावात वजनकाटा आहे, पण पंजाबरावांचा काट्यावर विश्वास नाही आणि माझा पंजाबरावांवर. म्हणून तुरीची वाटणी करायला तांड्यावरच्या गोविंदसिंगला बोलावतो. सत्तरीचा माणूस. पन्नास वर्षं पायलीनं लोकांचं धान्य मोजतोय, त्याच्या मापाला कुणी नाव ठेवलेलं नाही.

पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, ही जुनी रीत. गोविंदसिंग हिंदूंच्या खळ्यावर 'राम' म्हणायचा, मुसलमानांच्या खळ्यावर 'अल्ला' आणि आम्हा बौद्धांकडे नुसतं 'लाभ'. मग गावातल्या मन्नानभाईंनी एका हिंदूचं शेत बटईला घेतलं आणि म्हाताऱ्याची पंचाईत झाली. एका ढिगाला नाव कोणाचं? त्यानं 'मालिक' म्हटलं. दोघंही खूश झाले, आणि यंदापासून सगळीकडे तेच सुरू झालं. हे सगळं मला मागाहून कळलं.

आमच्या खळ्यावर त्यानं पायली भरली, "मालिक" म्हणाला आणि पंजाबरावांच्या बाजूला ओतली. दुसरी माझ्या बाजूला, "दोन." माझ्या मनात पाल चुकचुकली.

"थांबा काका. पयली पायली कोनाच्या नावानं टाकली?"

"मालिकच्या."

"म्हंजे पंजाबरावच्या? ते मोजनीत हाय का वरकड?"

"अरे बाबू, वरच्या मालिकच्या!"

"आमच्यात वरचा मालिक नाई. आमच्यात मालिक म्हंजे शेताचाच."

गोविंदसिंग हसला. दोन्ही मापं त्यानं पुन्हा राशीत मिसळली आणि नव्यानं "मालिक" म्हणून पहिली पायली माझ्याकडे ओतली. आता पंजाबराव उठले.

"शेताचा मालिक मी, अन् पयलं माप त्याले? मन्नानच्या खळ्यावरबी तू हेच म्हनला म्हने. हे नाव हाय तरी कोनाचं?"

"दोघाईचं."

"दोघाईचं कसं असन?" आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.

जन्मात कधी पंजाबरावांचं नि माझं एकमत झालं नव्हतं. ते त्या दिवशी झालं. मग ते मापही गोविंदसिंगनं राशीत टाकलं, पायली भरली आणि "एक" म्हणाला. शेवटपर्यंत आकड्यांशिवाय त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. दोन्ही ढीग सारखे झाले. ओंजळभर तूर उरली, ती पंजाबरावांनीही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी मोजणीच्या मजुरीची तूर द्यायला मी तांड्यावर गेलो. लाज वाटत होती, म्हणून थोडी जास्तच नेली.

"काका, पुढच्या वर्षी म्हना मालिक. मी काई म्हननार नाई."

त्यानं तूर घेतली, मला बसायला बाज सरकवली.

"म्हनून पाह्यलं रे बाबू, आज सकाळीच. घरात, एकट्यानं. रोज देवाचं नाव घेतो तसं." तो तुरीत बोटं फिरवू लागला. "तं मलेच संशव आला, मी कोनाले हाक मारून राह्यलो."