वीस गोण्यांची मोरी

काय सांगू तुम्हाला, हिशेबात माझा हात धरील असा माणूस आमच्या कचेरीत नव्हता. हे मी म्हणत नाही, लोक म्हणायचे. आणि त्याच हिशेबी डोक्याने मी घरची मोरी बांधायला घेतली आणि असा तोंडघशी पडलो, की आजही कुणी 'अंदाजपत्रक' म्हटलं की माझी मान आपोआप खाली जाते. चहा घ्या, सांगतो.

गावागावांत टीव्ही नुकते पोचत होते, तेव्हाची गोष्ट. मी जळगावला एका सरकारी कचेरीत कारकून. माझ्या टेबलावर काम एकच, अंदाजपत्रकं तयार करणं. आता कचेरीतली रीत तुम्हाला ठाऊक असेलच. खालून वर गेलेला कागद साहेब लाल पेनाने निम्मा करतात. म्हणून शंभर हवे असतील तर दोनशे लिहायचे. यात लबाडी कुणालाच वाटायची नाही. लिहिणाऱ्याला माहीत, कापणाऱ्याला माहीत, मग खोटं कुणाशी बोललो? दहा वर्षं मी हेच केलं. हाताला वळणच पडलं होतं.

आमची मोरी म्हणजे चार फरशा, एक नळ आणि पत्र्याचं दार. फरशीवर शेवाळं. नरडाण्याजवळच्या आमच्या गावाहून माय हिवाळ्यात राहायला आली, आणि त्या मोरीत घसरून मनगट मोडून बसली. गुडघे तर तिचे आधीच गेलेले. प्लॅस्टर सुटलं तसं तिने जाहीर केलं, "तुन्ही मोरी चांगली व्हई, तव्हयच मी तुन्हा घर येसू."

वडील, म्हणजे नाना, शेतकरी माणूस. मोजकं बोलणारे. त्यांनी निरोप धाडला, "मोरी नवी कर. पैसा मी देसू. कितला लागतीन, कागदवर लिखीसन धाड."

झालं! कागद म्हटल्यावर माझा हात शिवशिवायला लागला.

फुलस्केप घेतला, समास आखला. खरा खर्च होता चार हजार दोनशे. तो पेन्सिलीने एका चिठोऱ्यावर मांडला. मग शाईच्या पेनाने मुख्य कागद लिहिला. दहा गोण्या सिमेंट लागणार होतं, लिहिलं वीस. कमरेपर्यंत पांढऱ्या टाइल्स, लिहिल्या छतापर्यंत. एका नळाचे केले तीन. तरी आकडा दुप्पट होईना, म्हणून गीझर घातला, मोठा आरसा घातला आणि शेवटी सवयीने लिहिलं, 'अनपेक्षित खर्च, रुपये चारशे'. एकूण आठ हजार चारशे. खाली सहीसुद्धा ठोकली!

बायकोने, शोभाने, कागद वाचला.

"आठ हजार? मोरी बांधताय की नाट्यगृह?"

"अगं, नाना निम्मे कापतील. म्हणजे बरोबर चार हजार दोनशे येतील."

"आणि नाही कापले तर?"

"नाना? आणि कापणार नाहीत?" मला हसूच आलं.

हसू यायला कारण होतं. कॉलेजात असताना मी पन्नास रुपये मागितले की तीस यायचे. एकदा मनगटी घड्याळ मागितलं, तर नानांनी विचारलं होतं, तुमच्या कॉलेजात टोल वाजत नाही का? असा माणूस! आमच्या साहेबांनी नानांकडे शिकवणी लावावी.

आठ दिवसांनी नाना स्वतःच आले. पॅसेंजरने, आणि 'आता मोरी होतेच' म्हणून मायलाही घेऊन. हातात पिठाचा डबा. पाणी पिऊन झालं तसं त्यांनी डब्याचं झाकण काढलं, दादर ज्वारीच्या पिठात कोपरापर्यंत हात घातला आणि एक फडकं बाहेर काढलं.

"मोजी ले. आठ हजार चारशे शेतस."

मी नोटांकडे बघतच राहिलो. पिठाने सगळ्या पांढऱ्या झालेल्या. तशी माझ्या तोंडावरही पांढरी कळा आली असणार.

"नाना, सगळे?"

"बठ्ठा."

शोभाने स्वयंपाकघरातून माझ्याकडे जे पाहिलं, ते मी कुणाला सांगणार नाही.

दुपारी मायजवळ बसलो. म्हटलं, एवढे पैसे कुठून काढले? माय पाय दाबत म्हणाली, "निम्मा कापूसना शेतस. निम्मा त्यासना टीव्हीना."

मग तिने सगळं सांगितलं. गावात टीव्ही एकच, आमच्या चुलतकाकांकडे. बांधावरून त्यांच्याशी बोलणं बंद, म्हणून नाना आत जात नाहीत. रविवारी सकाळी त्यांच्या खिडकीबाहेर गल्लीत उभे राहून बघतात. आणि काका नेमकी मालिका रंगात आली की खिडकी ओढून घेतात. म्हणून नानांनी दोन वर्षं पैसे साठवले होते. त्यांना लाकडी शटरचा मोठा टीव्ही हवा होता, चार हजारांच्या घरातला. गावभर सांगूनही झालं होतं. माझा कागद पोचला आणि टीव्हीचे पैसे पिठात गेले.

मला खरंच कानकोंडं झालं. म्हणजे मोरी मायची, पैसा नानांचा, आणि मधल्या मध्ये मी त्यांच्या टीव्हीवर पाणी ओतलं होतं.

मी लगेच नानांकडे गेलो. "नाना, इतला लागाव नहीत बहुतेक."

"लागाव नहीत तं लिखात कसाले?"

 तिथेच खरं बोललो असतो तर हा किस्सा एवढ्यात संपला असता. पण दहा वर्षांच्या नोकरीत सही केलेला कागद चुकला असं मी कधी कबूल केलं नव्हतं. म्हटलं, काम स्वस्तात उरकू आणि उरले म्हणून चार हजार परत देऊ. डोकं कसं चालतं बघा!

पण नाना गावी गेलेच नाहीत. "काम व्हईपावत आठेच शे," म्हणाले. बंडीच्या खिशातून त्यांनी माझं अंदाजपत्रक काढलं, चष्मा लावला आणि मोरीसमोर खाट टाकली.

आमचे मिस्तरी जगनभाऊ. त्यांनी दहा गोण्या उतरवून घेतल्या. नानांनी बोटाने ओळ धरली.

"धा उन्यात. कागदवर वीस शेतस. बाकीन्या धा कोठे शेतस?"

जगनभाऊ म्हणाले, "नाना, एवढ्या मोरीला दहा रग्गड."

"तुले जास्त समजस का मन्हा आंडोरले? तो सरकारना मानूस शे!"

जगनभाऊंनी आंडोराकडे, म्हणजे मुलाकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. संध्याकाळी आणखी दहा गोण्या आल्या.

मला वाटलं होतं, त्या दहा गुपचूप परत करू. कसलं काय! नाना रोज सकाळी रिकाम्या गोण्या मोजायचे. मग मीच जगनभाऊंना कोपऱ्यात घेतलं. "भाऊ, वीसच्या वीस संपवा. कुठेही घाला."

"अहो भाऊ, मोरी बांधायची का धरण?"

"काहीही बांधा!"

त्यांनी जमीन जाड केली. मग आणखी जाड केली. कपडे धुवायचा ओटा केला, त्यावर हत्ती धुतला असता तरी ढळला नसता. टाइल्स छतापर्यंत गेल्या. नळ तीन बसले. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, तेही पाऊण तास. शोभा म्हणाली, "तीन नळ बसवलेत, पण वारा एकसारखा येतो हं तिन्हीतून."

गीझरचं विचारू नका. मे महिना. जळगावचा मे तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही सुखी आहात. टाकीतलं पाणीच असं तापतं की दुपारी हात घातला तर चटका बसतो. आम्ही माठातलं पाणी मिसळून अंघोळ करायचो, आणि मी दुकानात उभा राहून गीझर मागत होतो. दुकानदाराने मला दोनदा विचारलं, "आत्ता हवाय?" मी म्हटलं, "कागदावर आहे."

होता होता सगळे आकडे खरे झाले. मी जे जे खोटं लिहिलं होतं ते ते दुकानातून घरी आलं, आणि नानांनी त्यापुढे पेन्सिलीने फुली मारली. राहिली एकच ओळ.

"काय रे, हाई अनपेक्षित कव्हय व्हई?"

"म्हणजे?"

"आठे लिखेल शे. अनपेक्षित, चारशे. ते व्हई गं का मंग मी गावले जासू."

आता अनपेक्षित कधी होणार हे मी कसं सांगू? नाना तीन दिवस खाटेवर बसून अनपेक्षिताची वाट बघत होते. चौथ्या दिवशी मोरीचं उद्घाटन ठरलं. शोभाने नवी बादली ठेवली, दाराला हळदीकुंकू लावलं. पहिली अंघोळ मायची.

माय टॉवेल घेऊन दाराशी गेली आणि थांबली.

जमीन इतकी वर आली होती की उंबरा तिच्या गुडघ्याला लागत होता. तिने एक पाय उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला, खाली ठेवला. मग चौकट धरून वळली आणि म्हणाली, "इतली उच्ची काब्रं करी रे? मन्हा पाय चढस नही."

 जिच्यासाठी मोरी बांधली तीच बाहेर!

नानांनी जगनभाऊंना विचारलं, "मिस्तरी, काब्रं?"

जगनभाऊ सरळ माणूस. "मी काय करू नाना? भाऊच म्हणे, वीस गोण्या संपवा."

"काब्रं?" हे मला होतं.

मग मी सांगितलं. सगळं. लाल पेन, निम्मं कापणं, पेन्सिलीचा चिठोरा, खरे चार हजार दोनशे.  मला वाटलं, नाना आता गल्लीला ऐकू जाईल असे ओरडणार. ओरडले असते तर बरं झालं असतं.

नाना चष्मा पुसत म्हणाले, "तुन्हा कॉलेजना पैसा मी कापात. तव्हय तू पोऱ्या व्हता. आते मी म्हनं, आंडोर साहेब व्हयना. त्याना कागद काय कापना?"

एवढंच. मला आयुष्यात एवढं लागलेलं वाक्य दुसरं नाही.

जगनभाऊंनी मोरीपुढे दोन पायऱ्या बांधल्या आणि धरायला भिंतीत एक लोखंडी नळी बसवली. माय एकेक पायरी चढून आत गेली आणि मनसोक्त अंघोळ करून आली. पायऱ्यांचा खर्च बरोबर चारशे झाला. नानांनी शेवटच्या ओळीवर फुली मारली, कागद माझ्या हातात दिला आणि संध्याकाळच्या गाडीने दोघं गावी गेली.

मी मात्र झोपलो नाही. ठरवलं, नानांचा टीव्ही आपण घ्यायचा. शटरचाच घ्यायचा.

कचेरीच्या पतपेढीत, जिचे अध्यक्षही आमचे साहेबच, कर्जाचा अर्ज केला. आणि ऐका, या वेळी मी आयुष्यात पहिल्यांदा खरा आकडा लिहिला. दुकानातून भाव आणला, तेवढेच मागितले. चार हजार. ना एक रुपया जास्त, ना कमी. अर्ज देताना मला काशीला जाऊन आल्यासारखं वाटत होतं.

तीन दिवसांनी अर्ज परत आला. चार हजारांवर लाल रेघ. वर लिहिलेलं, दोन हजार.

मी धावत साहेबांकडे गेलो. "साहेब, हा खरा आकडा आहे हो! फुगवलेला नाही!"

साहेब हसले. "अरे, सगळे असंच म्हणतात. आणि तू मला शिकवतोस? दहा वर्षं तुझे कागद कापतोय मी."

 दोन हजारांत शटरचा मोठा टीव्ही येत नाही. छोटा येतो, चौदा इंची, उचलायला वर मूठ असलेला. तोच घेतला. मांडीवर घेऊन नरडाण्याच्या गाडीत बसलो. अँटेना लावली, नानांना पुढे बसवलं. रविवार सकाळ. चुलतकाका आपल्या ओट्यावरून मान लांब करून बघत होते, एवढंच काय ते समाधान.

मालिका सुरू झाली. नाना पुढे सरकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणखी पुढे सरकले. शेवटी नाक काचेला लागायचं राहिलं तेव्हा मागे वळून मला विचारलं,

"काय रे, याम्हा मानसं निम्माच कसा शेतस?"

मी मान खाली घातली. म्हटलं, "नाना, मंजूरच तितला व्हयनात."